कांद्याची ट्रॉली लिलावाला लावताना

नाशिक जिल्ह्यातल्या एका बाजार समितीत मी कांद्याचा लिलाव पुकारतो. एक ट्रॉली पुकारायला फार तर मिनिट लागतं, गर्दीच्या दिवशी तेवढंही नाही. तुमच्या चार महिन्यांच्या पिकाचा भाव त्यात ठरतो, म्हणून तयारी मळ्यातच करून या.

आधी निवड. गोल्टी म्हणजे बारका कांदा, जोडकांदे, डेंगळे म्हणजे फुलाचा दांडा आलेले कांदे आणि सडका माल बाजूला काढा. गोल्टी विकायचीच असेल तर वेगळ्या गाडीत आणा, तिचा लिलाव वेगळा होतो. पात कापताना इंचभर मान ठेवा. अगदी कांद्याला लागून कापली की तिथूनच सड शिरते. वर भारी कांदा आणि खाली हलका, ही युक्ती व्यापाऱ्याला तुमच्या आजोबांच्या काळापासून ठाऊक आहे. तो ट्रॉलीवर चढतो, वरचा थर सारतो आणि कोपरापर्यंत हात घालून मधला कांदा उपसतो. अंगठ्यानं मान दाबतो. मऊ लागली म्हणजे माल ओला, लांब पाठवला तर वाटेतच पाणी सुटणार. मग पत्ती, म्हणजे वरची साल, चोळून बघतो, बुड उलटं करून काजळी (काळी बुरशी) आणि कोंब तपासतो. चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये ठेवलेल्या उन्हाळ कांद्याला हे हमखास होतं. माझं तोंड उघडायच्या आधीच त्याच्या डोक्यात आकडा तयार असतो.

निघण्यापूर्वी फोनवर आदल्या दिवशीचे भाव बघा, पण नुसता कमाल भाव बघून गाडी जोडू नका. कमाल भाव दोन-चार गाड्यांना मिळालेला असतो. सरासरी भाव बघा आणि आपला माल त्याच्या वर की खाली, हे मनाशी खरं खरं ठरवा. बातम्याही ऐका. ७ डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेनं निर्यातबंदी आली आणि दुसऱ्या दिवशी बाजाराचा रंगच पालटला. मार्चअखेर आणि सणासुदीला लिलाव बंद असतात, तेही विचारून घ्या. उन्हात उभ्या गाडीतला कांदा वजनाला घटतो.

रांगेत गाडी लागली की गाडीजवळच थांबा. चहाला गेलेल्या शेतकऱ्याची ट्रॉली मी पुकारतो, भाव होतो आणि हा नंतर पळत येऊन म्हणतो, ‘भाऊ, अजून दोनदा बोलायचं होतं!’ मी सुरुवातीचा आकडा अंदाजानं धरतो. व्यापारी मान हलवतो, बोट वर करतो, कधी नुसता डोळा मिटतो. ते टिपणं हेच माझं खरं काम. भाव बहुतेकदा एकावर येऊन थांबतो: चौदाशे एक, चौदाशे एक्कावन्न. पन्नास रुपये किरकोळ समजू नका, तीस क्विंटलच्या गाडीला ते दीड हजार होतात. भाव पटला नाही तर तिथल्या तिथे ‘माल द्यायचा नाही’ म्हणा. तो तुमचा हक्क आहे, माझ्या तोंडाकडे बघत संकोचू नका. पण सौद्याची चिठ्ठी घेऊन वजनकाट्यावर गेल्यावर रुसण्यात अर्थ नाही.

चिठ्ठीवर भाव आणि व्यापाऱ्याचं नाव बरोबर आहे ना, हे तिथेच वाचा. भरल्या गाडीचं वजन करताना ताडपत्री, फळ्या, माणसं जशी असतील तशीच रिकाम्या गाडीच्या वजनालाही असू द्या. भांडणं इथेच होतात.

सगळ्यात जास्त नुकसान खळ्यावर, म्हणजे व्यापाऱ्याच्या माल उतरवायच्या जागेवर होतं. अर्धी गाडी खाली झाली की व्यापाऱ्याचा माणूस म्हणतो, खालचा माल हलका निघाला, दोनशे कमी करा. याला आमच्याकडे वांधा काढणं म्हणतात. कधी तो खरा असतो, हे मी लपवत नाही. निवड न करता आणलेल्या गाडीत तो निघतोच. पण माल एकसारखा असेल तर ट्रॉलीचा फाळका (मागचं झडप) तसाच ठेवा, उरलेला माल खाली करू नका आणि समितीच्या कार्यालयात या. पूर्ण ओतलेल्या ढिगाचा निवाडा कुणालाच करता येत नाही, त्यात चार शेतकऱ्यांचा माल मिसळलेला असतो.

हिशोबपट्टीत हमाली, तोलाई, वाराई अशी मजुरी काय कापली ते एकेक ओळ विचारा. जुलै २०१६ पासून शेतकऱ्याकडून आडत, म्हणजे आडत्याचं कमिशन, घ्यायची नाही, आणि बाजार फी खरेदीदाराची असते. पैसे चोवीस तासांत मिळायला हवेत. पुढच्या तारखेचा चेक पुढे केला तर घेऊ नका, सचिवांकडे तक्रार द्या.

पट्टी जपून ठेवा आणि ई-पीक पाहणीत, म्हणजे सातबाऱ्यावर पीक लावायच्या सरकारी मोबाइल ॲपवर, कांद्याची नोंद करा. फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये विकलेल्या लाल कांद्याला सरकारनं क्विंटलला ३५० रुपये, २०० क्विंटलपर्यंत, अनुदान दिलं, तेव्हा विक्रीची पट्टी आणि सातबाऱ्यावरची नोंद दोन्ही मागितली होती. पट्टी ज्याच्या नावावर, सातबारा आणि बँक खातंही त्याच्याच नावावर असेल असं बघा. बापाची जमीन आणि पोराच्या नावाची पट्टी, यावर तेव्हा पुष्कळ अर्ज अडकले.