डेटा रिकव्हरी शिकायची असेल तर आधी प्रत काढायला शिका

बंद पडलेल्या डिस्कमधला डेटा परत काढायच्या या कामात येणारी बहुतेक मुलं पहिल्याच दिवशी सॉफ्टवेअरचं नाव विचारतात. मी सोलापूरच्या नवी पेठेत हेच काम करतो, आणि त्यांना सांगतो की सॉफ्टवेअर शेवटी येतं. आधी गिऱ्हाइकाला नीट विचारायला शिका. डिस्क आपल्या टेबलावर येण्याआधी तिचं काय काय झालंय, यावर निम्मं काम ठरतं.

डिस्क पडली होती का? आवाज येतो का, आणि कसा? बंद पडायच्या आधी मशीन रेंगाळत होतं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, आधी कुणी काय करून पाहिलं? हा शेवटचा प्रश्न दरडावून विचारला तर माणूस लपवतो. "मालक, जे झालं ते झालं, फक्त मला खरं सांगा," म्हटलं की सगळं बाहेर येतं: भाच्याने विंडोजचं डिस्क-दुरुस्तीचं चेकडिस्क चालवलं, विंडोजने फॉरमॅट करू का विचारलं तेव्हा 'हो' दाबलं. चेकडिस्क दुरुस्ती करताना डिस्कवर लिहितं. मरत्या डिस्कवर एक अक्षरही लिहायचं नसतं, म्हणून हे कळणं गरजेचं.

मग कान. ठरावीक अंतराने टक-टक येत असेल तर बहुतेक वेळा हेड, म्हणजे डेटा वाचणारा-लिहिणारा भाग, गेलेलं असतं. तिथे ताबडतोब वीज काढा. आतली तबकडी मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे घेते आणि हेड तिच्यावर अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगतं. खराब हेड घासलं की डेटा ज्या थरावर असतो तो थरच खरवडला जातो, आणि खरवडलेलं कुणालाच परत आणता येत नाही. अशी डिस्क क्लीन रूम (धूळमुक्त खोली) असलेल्या लॅबलाच पाठवायची. दुकानात झाकण उघडायचं नाही. फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला आजही कुणीतरी देतंच. बाहेर काढल्यावर आत दव धरतं, ते ऐकू नका.

डिस्क अजिबात फिरत नसेल तर तिच्यावरचा सर्किट बोर्ड तपासा. चुकीचा अडॅप्टर लावला की बोर्डावरचा संरक्षक डायोड शॉर्ट होतो आणि डिस्क मुकी होते. मात्र त्याच मॉडेलचा दुसरा बोर्ड आणून नुसता बसवला तर बहुतेक नव्या डिस्क चालत नाहीत. जुन्या बोर्डावरच्या रॉम चिपमध्ये त्याच डिस्कचं कॅलिब्रेशन असतं, ती चिप उतरवून नव्या बोर्डावर लावावी लागते. सोल्डरिंगवर हात बसलेला नसेल तर हे काम घेऊ नका.

आता ज्या डिस्क फिरतात, दिसतात, पण अडखळतात, त्यांच्याबद्दल. नवख्याने शिकावं असं खरं काम हेच. आधी स्मार्टचे आकडे बघा, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद. 5 नंबर म्हणजे बदली दिलेले सेक्टर (डिस्कवरचे डेटाचे छोटे कप्पे), 197 म्हणजे वाचता न आलेले आणि निकाल लागायचा राहिलेले. 199, म्हणजे डेटा केबलमधून येता-जाता झालेल्या चुका, वाढत असेल तर बरेचदा दोष केबलचा असतो. केबल बदलून बघा आणि गिऱ्हाइकाचा खर्च वाचवा.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याची डिस्क माझ्याकडे आली होती. जॅकार्ड मागावर विणायच्या नक्षीची वर्षानुवर्षांची डिझाइनं त्यात. डिझाइन मास्टर म्हणत होते, "एकच फोल्डर द्या, बाकीचं राहू दे." विनंती साधी वाटते, पण एक्सप्लोररमध्ये ते फोल्डर उघडलं की विंडोज खराब सेक्टरवर पुन्हापुन्हा डोकं आपटत राहतं आणि डिस्क तिथेच संपते. म्हणून आधी अख्ख्या डिस्कची प्रत. त्यासाठी लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू हे प्रत काढायचं सॉफ्टवेअर. ते फुकट आहे, आणि या धंद्यात मी सगळ्यात जास्त भरवसा त्याच्यावर ठेवतो.

पहिल्या फेरीत ते सोपं सोपं उचलतं. वेग चांगला चाललेला असतो, मध्येच किलोबाइटवर येतो, मग ते पुढे उडी मारतं आणि अवघड जागा नोंदवून ठेवतं. या फेरीत त्याचा 'स्क्रेपिंग'चा टप्पा, म्हणजे खराब जागेतला एकेक सेक्टर वाचून बघणं, बंद ठेवा. चांगलं सगळं हाती आल्यावरच कठीण जागांकडे वळा. नोंदीची मॅप फाइल न चुकता ठेवा. सोलापुरात वीज कधी जाईल सांगता येत नाही; मॅप फाइल असली की काम जिथे थांबलं तिथूनच सुरू होतं. धडधाकट 1 टीबी डिस्क सेकंदाला 100 एमबी वेगाने पावणेतीन तासांत उतरते, आजारी डिस्कला कित्येक दिवस लागू शकतात. मे महिन्यात डिस्कवर पंखा लावा.

प्रत ज्या डिस्कवर घ्यायची ती तेवढीच किंवा मोठी हवी. आणि एंटर दाबण्याआधी दोन्ही डिस्कचे सिरियल नंबर स्टिकरशी मोठ्याने वाचून ताडा. इथे उलटापालट झाली की रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते.

पुढचं सगळं प्रतीवर. पार्टिशन (डिस्कचा विभाग) हरवलं असेल तर टेस्टडिस्क, फाइल सिस्टिमच (कुठली फाइल कुठे आहे ही मांडणी) गेली असेल तर फोटोरेक, ही दोन सॉफ्टवेअर. फोटोरेक फाइलची सुरुवातीची खूण ओळखून ती उचलतं, त्यामुळे मूळ नावं मिळत नाहीत. कारखान्याच्या काही डिझाइनांचं असंच झालं. मास्टर माझ्या शेजारी बसले आणि किनारीची नक्षी बघून एकेक ओळखत गेले: "हा हॉटेलचा माल, ही जुनी ऑर्डर."

तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणाऱ्या एसएसडीचं गणित वेगळं. ट्रिम, म्हणजे पुसलेल्या फाइलची जागा मोकळी करून टाकायची सोय, चालू असेल तर पुसलेलं बहुधा परत मिळत नाही, ते आधीच स्पष्ट सांगा.

सरावासाठी भंगारातल्या जुन्या डिस्क घ्या. पेन ड्राइव्ह भरा, फॉरमॅट करा, परत काढा. डिस्कवरचे कच्चे बाइट दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये एनटीएफएसची (विंडोजची फाइल सिस्टिम) एमएफटी नोंद, म्हणजे फाइलचं नाव आणि ठिकाण सांगणारी नोंद, डोळ्यांनी वाचायला शिका. एक नोंद सहसा 1024 बाइटची असते. ते जमलं की सॉफ्टवेअर पडद्यामागे काय करतं ते कळायला लागतं.

लोक आपल्या हाती घरचे फोटो, टॅलीचे हिशेब, आजाराचे रिपोर्ट देतात. फाइल उघडते का, एवढंच बघायचं, तेही शक्यतो त्यांच्यासमोर. डेटा दिल्यावर त्यांना घरी जाऊन तपासायला आठवडाभर द्या, मग त्यांना फोन करून आपल्याकडची प्रत पूर्ण पुसा. आणि काही निघालं नाही तर पैसे घेऊ नका; डिस्क आली तशी, स्क्रूला हात न लावता परत द्या, म्हणजे त्यांना लॅबकडे जाता येईल.