क्लॅरिनेटवरून सॅक्सोफोनकडे: पंचेचाळिशीत केलेली सुरुवात

वीसएक वर्षे क्लॅरिनेट वाजवल्यानंतर, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी मी ऑल्टो (मधल्या आकाराचा) सॅक्सोफोन हाती घेतला, तेव्हा निम्मे शिक्षण आधीच झाले आहे अशी माझी समजूत होती. बोटांपुरती ती खरी ठरली. ओठ आणि जबडा यांच्या बाबतीत मात्र जुनी सवयच पहिले चार-पाच महिने आडवी आली. सॅक्सोफोनचा जनक अडॉल्फ सॅक्स स्वतः क्लॅरिनेट शिकलेला होता आणि 1846 मध्ये पॅरिसला नव्या वाद्याचे पेटंट घेण्यापूर्वी त्याने बेस क्लॅरिनेटमध्येही सुधारणा केल्या होत्या. त्यामुळे दोन्ही वाद्यांचे नाते जवळचे आहे, पण या जवळिकीमुळेच फसगत होते.

क्लॅरिनेटची नळी आतून जवळजवळ सारख्याच रुंदीची असते, तर सॅक्सोफोनची शंकूसारखी रुंदावत जाते. म्हणून क्लॅरिनेटवर षड्ज वाजत असताना अंगठ्याची रजिस्टर की (वरचे स्वर काढणारी कळ) दाबली की तार षड्जाऐवजी तार पंचम निघतो, आणि सॅक्सोफोनवर ऑक्टेव्ह की दाबली की सरळ वरचा षड्ज मिळतो. डाव्या हाताची तीन बोटे ठेवली तर क्लॅरिनेटवर खाली सी आणि वर जी (पाश्चात्त्य स्वरनावे) वाजतो. सॅक्सोफोनवर दोन्हीकडे जी. थोडक्यात, क्लॅरिनेटच्या वरच्या रजिस्टरची (रजिस्टर की दाबून मिळणाऱ्या स्वरांची) बोटे तुम्हाला येत असतील तर सॅक्सोफोनची बहुतेक बोटे येतातच. मला साध्या चाली दुसऱ्याच आठवड्यात वाजवता आल्या. क्लॅरिनेटवर बोटाने छिद्र पूर्ण झाकावे लागते. येथे ते काम पॅड, म्हणजे कीजखालच्या मऊ गाद्या, करतात. मात्र त्या मोकळीकीत बोटे फार उंच उचलली जातात, आणि डाव्या तळहाताने दाबायच्या वरच्या कीज तर सर्वस्वी नव्या असतात.

खरे कष्ट आवाजाचे. क्लॅरिनेटचा माउथपीस (फुंकायचे तोंड) तोंडात तिरका, खालच्या दिशेने धरला जातो, हनुवटी ताणलेली असते आणि जीभ ‘ई’ म्हणताना असते तशी वर असते. तीच पकड सॅक्सोफोनवर ठेवली तर सूर चढतो आणि आवाज चिमटा काढल्यासारखा बारीक येतो. माझे नेमके हेच होत होते, आणि मी दोष रीडला (माउथपीसवरच्या, फुंकेने कंप पावणाऱ्या पातळ पातीला) देत तीन प्रकारची रीड्स बदलून पाहिली. उपाय फार साधा निघाला. नुसता ऑल्टोचा माउथपीस घेऊन फुंकावे आणि ट्यूनरवर पाहावे: निघणारा सूर साधारण ए, म्हणजे पेटीची (हार्मोनियमची) पांढरी सहा, असावा. माझा त्यापेक्षा दीड सूर वर, पांढऱ्या एकवर जात होता. माउथपीस आडवा धरणे, ओठांची गोलाई चारही बाजूंनी सारखी ठेवणे, जीभ ‘ओ’च्या जागी उतरवणे आणि फुंक अधिक भरघोस देणे, एवढ्यावर रोज दहा मिनिटे घालवल्यावर तो सूर हळूहळू खाली आला. क्लॅरिनेटवर मी तीन नंबरचे रीड वापरतो (नंबर जितका मोठा तितके रीड कडक). सॅक्सोफोनला सुरुवातीला अडीच पुरते.

कोणता सॅक्सोफोन घ्यावा? सरळ नळीचा सोप्रानो (ऑल्टोपेक्षा उंच स्वरांचा प्रकार) क्लॅरिनेटसारखा दिसतो म्हणून मोह होतो, पण तो सुरात ठेवणे नवशिक्यासाठी सर्वांत अवघड असते. ऑल्टो घ्यावा. जुना घेत असाल तर अगदी खालचा बी फ्लॅट हलक्या फुंकेने निघतो का, ते जाणत्या माणसाकडून वाजवून पाहावे. पॅड गळके असतील तर तो स्वर गुरगुरतो. मी हे केले नाही आणि वाद्य घरी आल्याबरोबर दुरुस्तीला गेले. पावसाळ्यात जी शार्पचे पॅड चिकटते, तेव्हा त्याखाली पातळ कागद ठेवून पॅड वरून हलकेच दाबावे. ऑल्टोचे वजन अडीच किलोच्या आसपास असते आणि ते गळ्यातल्या पट्ट्यावर येते, तेव्हा चाळिशीनंतरच्या मानेने खांद्यांवरचा पट्टा घेतलेला बरा. शेजाऱ्यांसाठी वाद्याच्या तोंडात कापड कोंबण्याचा फारसा उपयोग नाही, कारण बहुतेक स्वर वरच्या उघड्या छिद्रांतूनच बाहेर पडतात.

पेटीबरोबर वाजवणाऱ्यांना पट्टीचा हिशोब नव्याने करावा लागतो, कारण या वाद्यांवर लिहिलेला स्वर आणि ऐकू येणारा स्वर वेगळे असतात. नेहमीच्या बी फ्लॅट क्लॅरिनेटवर लिहिलेला सी वाजवला की काळी पाच ऐकू येते, ऑल्टोवर काळी दोन. गायक काळी एकमध्ये गात असेल तर क्लॅरिनेटवर षड्ज ई फ्लॅटवर येतो आणि ऑल्टोवर बी फ्लॅटवर. त्या पट्टीतला यमन ऑल्टोवर एफ मेजर या पाश्चात्त्य सप्तकाच्या बोटांनी वाजतो, म्हणजे फारच सोयीचा. तरीही भजनाच्या एका बैठकीत माझी बोटे सवयीने क्लॅरिनेटच्या षड्जावर गेली आणि पेटीवाल्याने हात थांबवून माझ्याकडे पाहिले. तेव्हापासून सॅक्सोफोनच्या खोक्याच्या झाकणावर आतून सर्व पट्ट्यांचा तक्ता चिकटवलेला आहे.

क्लॅरिनेट सोडण्याची मुळीच गरज नाही. मुंबईच्या चित्रपटसंगीतात गाजलेले सॅक्सोफोनवादक मनोहारी सिंग यांच्यासह अनेकांनी एकाहून अधिक सुषिर (फुंकून वाजवायची) वाद्ये हाताळली. फक्त क्रम सांभाळावा. मी आधी अर्धा तास क्लॅरिनेट वाजवतो आणि मग सॅक्सोफोन घेतो, कारण उलट केले तर सैलावलेल्या ओठांनी क्लॅरिनेटचा वरचा सी बसका निघतो.