परतीची तयारी: जे मागाहून मिळणार नाही ते आधी

बरीच वर्षं परदेशात काढून मायदेशी कायमचं परतायचं ठरलं की घरात पहिली चर्चा सामानाची सुरू होते. काय न्यायचं, काय विकायचं, कंटेनर केवढा लागेल. माझं आग्रहाचं सांगणं आहे की सामान यादीत बरंच खाली ठेवा. सोफा विकायला शेवटचा आठवडाही पुरतो. तिथला पत्ता, तिथला फोन नंबर, तिथली नोकरी आणि तिथला व्हिसा हातात असताना जी कामं चुटकीसरशी होतात, तीच निघून आल्यावर महिनोन्‌महिने रखडतात, आणि काही तर होतच नाहीत. म्हणून प्रत्येक कामापुढे एकच प्रश्न लिहा: हे इथून गेल्यावर करता येईल का? उत्तर ‘नाही’ किंवा ‘कठीण’ असेल तर ते काम वर घ्या. वर्षभर आधी सुरुवात केली तर जिवाची फार ओढाताण होत नाही.

सगळ्यात आधी कागदपत्रं. मुलं तिथे जन्मलेली असतील तर त्यांचे जन्मदाखले, लग्न तिथे झालं असेल तर विवाहाचा दाखला, तिथे घेतलेल्या पदव्या आणि गुणपत्रकं, पोलिसांकडचा चारित्र्याचा दाखला. यातल्या प्रत्येकाच्या दोन-तीन अधिकृत प्रती काढा. झेरॉक्स चालेल असं गृहीत धरू नका. मग येतं अपोस्टिल, म्हणजे एका देशाचा सरकारी कागद दुसऱ्या देशात ग्राह्य धरला जावा यासाठी लावायचं प्रमाणपत्र. १९६१ च्या हेग करारातून ही पद्धत आली आणि आज शंभराहून जास्त देश ती मानतात. कॅनडासारखा देशही त्यात जानेवारी २०२४ मध्ये आला. दोन्हींपैकी एखादा देश करारात नसेल, तर वकिलातीतून साक्षांकन करून घ्यावं लागतं आणि त्याला जास्त वेळ लागतो. नीट लक्षात ठेवायची गोष्ट अशी की अपोस्टिल कागद देणारा देशच करतो. मायदेशी पोचल्यावर तिथल्या कुठल्याही कचेरीत परदेशी दाखल्यावर ते होत नाही.

कागद हातात आले की एका दुपारी टेबलावर शेजारी शेजारी मांडा आणि नावं अक्षर न्‌ अक्षर जुळवून पाहा. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे आहे, पदवीवर नाही. लग्नानंतर आडनाव बदललं, पण बँकेत जुनंच राहिलं. मुलाच्या दाखल्यावर आईच्या नावाचं एक अक्षर वेगळं पडलं आहे. ही तफावत परदेशात कुणाला खटकलेली नसते, पण परतल्यावर शाळेत, बँकेत, मालमत्तेच्या नोंदणीत तीच आडवी येते. दुरुस्तीचा अर्ज जिथे चूक झाली त्या कार्यालयातच करावा लागतो, म्हणून तिथे असतानाच तो करून टाका.

नोकरी सोडताना फक्त निरोपाची ईमेल घेऊन निघू नका. लेटरहेडवर रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, हुद्दा आणि कामाचं स्वरूप लिहिलेलं पत्र घ्या. जुन्या कंपन्यांकडूनही मागा, कारण कंपन्या विकल्या जातात, बंद पडतात, आणि ओळखीची माणसं निघून जातात. सगळ्या वर्षांच्या पगारपत्रकांची आणि करविवरणांची प्रत कंपनीच्या लॅपटॉपवर नव्हे, स्वतःकडे उतरवून ठेवा.

पेन्शनचा विषय इथेच येतो आणि तो हवा तेवढ्या गांभीर्याने घेतला जात नाही. परदेशात भरलेली सामाजिक सुरक्षेची वर्गणी ही तुमची कमाई आहे. अनेक देशांनी आपापसांत करार केलेले असतात, त्यात दोन्हीकडची वर्षं एकत्र धरून पात्रता ठरते. दोन्ही देशांत असा करार आहे का, असेल तर त्यात काय काय बसतं, हे आधी पाहा. काही ठिकाणी पैसे एकरकमी परत मिळतात, पण त्याला मुदत असते. जपानमध्ये देश सोडल्यापासून २ वर्षांच्या आत तो अर्ज करावा लागतो, आणि ती रक्कम घेतली की ती वर्षं पेन्शनसाठी धरली जात नाहीत. तेव्हा पैसे काढायचे की वर्षं राखायची, हा निर्णय शांतपणे आणि हिशेब मांडून घ्यायचा आहे. निदान खातं क्रमांक आणि वर्गणीचा पूर्ण तपशील छापून जवळ ठेवा.

करासाठी विमानाचं तिकीट काढण्याआधी सल्लागाराला भेटा, तिकीट काढून झाल्यावर नव्हे. कर-निवासी कोण, म्हणजे कुठला देश तुम्हाला आपला रहिवासी मानून कर लावणार, हे पुष्कळ देशांत १८३ दिवसांच्या मुक्कामावरून ठरतं, पण तो एकच निकष नसतो. घर कुठे, कुटुंब कुठे, आधीच्या वर्षांत किती राहिलात, हेही बघितलं जातं. त्यात करवर्षं जुळत नाहीत: अमेरिकेचं जानेवारीला सुरू होतं, ब्रिटनचं ६ एप्रिलला, ऑस्ट्रेलियाचं १ जुलैला. प्रवासाची तारीख चार आठवडे अलीकडे-पलीकडे केली तर एका पूर्ण वर्षाचा जगभरचा पैसा कुठल्या देशात करपात्र ठरतो ते बदलू शकतं. घर किंवा शेअर विकायचे असतील तर आधी विकावेत की नंतर, हेही यावरच अवलंबून असतं. कॅनडात तर तुम्ही निवासी राहिला नाहीत की बरीचशी गुंतवणूक त्या दिवशी विकली असं धरून कर आकारतात. दोन्हीकडचा एकेक जाणकार गाठा, आणि जमलं तर दोघांचं एकमेकांशी बोलणं घडवून आणा. परदेशातल्या खात्याचं कुणाला कळणार नाही, या भ्रमात राहू नका. ओईसीडी या विकसित देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेने २०१४ मध्ये घालून दिलेल्या पद्धतीनुसार शंभराहून अधिक देशांच्या कर यंत्रणा खात्यांची माहिती आपणहून एकमेकांना देतात. बँकेला नवा पत्ता आणि नवा कर-निवास स्वतःहून कळवणं हेच सरळ आणि सुरक्षित.

एक खातं मात्र तिथे चालू ठेवा. कराचा परतावा, घराची अनामत, विजेच्या बिलातली शिल्लक, असं बरंच काही तुम्ही निघाल्यावर जमा होतं. अनिवासी झाल्यावरही खातं ठेवू देतात का, हे बँकेला लेखी विचारा. त्याला जोडून येतो फोन नंबर. बँक, पेन्शन, कर, ईमेल, सगळ्यांचे ओटीपी त्याच नंबरवर येतात, आणि सिम बंद पडलं की सगळी दारं एकदम बंद होतात. नंबर स्वस्तातल्या स्वस्त प्लॅनवर नेऊन किमान दोन वर्षं चालू ठेवा. जिथे सोय आहे तिथे एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप (फोनवरच कोड तयार करणारं) लावा. नोकरीच्या ईमेलवर उघडलेली खाती स्वतःच्या ईमेलवर आणा.

स्थायी निवासाचा हक्क मिळवायला ज्यांनी उमेदीची वर्षं घातली, त्यांनी तो भावनेच्या भरात सोडू नये आणि नकळत गमावूही नये. ब्रिटनमधला सर्वसाधारण स्थायी निवास सलग २ वर्षांहून जास्त बाहेर राहिल्यास संपतो. कॅनडात ५ वर्षांत ७३० दिवसांची अट आहे. अमेरिकेचं ग्रीन कार्ड गेल्या १५ पैकी ८ करवर्षं असेल, तर ते परत करताना वेगळे करनियम लागू होऊ शकतात. नागरिकत्वाला थोडाच अवधी उरला असेल तर थांबायचं का, हा प्रश्न घरात मोकळेपणाने बोलला गेला पाहिजे. मात्र दुसरं नागरिकत्व घेतल्यावर मायदेशाचं टिकतं की जातं, ते आधी पाहा.

औषधपाण्याचं म्हणाल तर सगळ्यांचे वैद्यकीय अहवाल मागून घ्या. एमआरआय आणि सीटीचे नुसते छापील निष्कर्ष पुरत नाहीत, मूळ प्रतिमा डायकॉम या वैद्यकीय प्रतिमांच्या फाइल स्वरूपात सीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर घ्या. डॉक्टरांकडून औषधांची यादी घ्याल ती मूळ घटकाच्या नावाने घ्या, कारण ब्रँडची नावं सीमेपलीकडे बदलतात. काही औषधांवर चक्क बंदी असते. अ‍ॅम्फेटामीन असलेली औषधं जपानमध्ये डॉक्टरांची चिठ्ठी असूनही नेता येत नाहीत. मायदेशातला आरोग्य विमा निघण्याआधीच बघून ठेवा, कारण आधीपासूनच्या आजारांना बऱ्याच पॉलिसींत प्रतीक्षाकाळ असतो. मुलांचं लसीकरणाचं पुस्तक हातसामानात ठेवा.

कुत्रा किंवा मांजर असेल तर सगळ्यात लांबची मुदत त्याचीच असू शकते. आधी १५ आकडी मायक्रोचिप, त्यानंतर रेबीजची लस, हा क्रम चुकला तर बरेच देश लस धरतच नाहीत. काही देशांना रक्ताची तपासणीही लागते, त्यात प्रतिपिंडांचं प्रमाण मिलिलीटरला किमान ०.५ युनिट हवं. जपानला जायचं तर नमुना घेतल्यापासून बहुतेक देशांतून १८० दिवस थांबावं लागतं. नियम बघायला उशीर झाला की प्राणी मागे राहतो, आणि ते दुःख टाळण्यासारखं आहे.

आता सामान. स्वतःचं वापरलेलं घरसामान परत आणताना जकातीत सवलत बहुतेक देश देतात, पण अटींवर. युरोपीय संघात ती मिळायला तुम्ही १२ महिने सलग बाहेर राहिलेले असावे लागता, वस्तू ६ महिने वापरलेल्या असाव्या लागतात, आणि परतल्यापासून १२ महिन्यांत त्या आणाव्या लागतात. तुमच्या देशाच्या अटी काय, हे सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावरच वाचा, सामान हलवणाऱ्या कंपनीच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. खोक्यांना क्रमांक द्या आणि यादीत ‘इतर वस्तू’ असं कुठेही लिहू नका. त्या दोन शब्दांपायी खोकं उघडलं जातं. वीस फुटी कंटेनरमध्ये साधारण ३३ घनमीटर जागा असते. तेवढं सामान नसेल तर वाटणीच्या कंटेनरमध्ये जागा मिळते, पण तो भरेपर्यंत थांबावं लागतं. लाकडी पेटी किंवा पॅलेट असेल तर त्यावर गव्हाच्या लोंबीचा शिक्का आहे का पाहा. लाकडातली कीड मारण्यासाठी ते गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवल्याची किंवा धुरी दिल्याची ती खूण असते.

विमा घेताना ‘जनरल ॲव्हरेज’ त्यात आहे का, एवढं विचाराच. सागरी व्यवहारातला हा जुना नियम आहे: जहाज वाचवायला आलेला खर्च जहाजाच्या मालकाने आणि जहाजावरच्या सगळ्या मालाच्या मालकांनी वाटून घ्यायचा. मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ सुएझ कालव्यात अडकलं तेव्हा हा नियम लागू केला गेला. जहाज सुटल्यावरही जुलैपर्यंत इजिप्तमध्येच अडवलेलं होतं. म्हणून कागद, दागिने, औषधं, मुलांच्या शाळेचे दाखले, यांतलं काहीही कंटेनरमध्ये टाकू नका.

विजेच्या उपकरणांच्या मागचं लेबल वाचा. ‘१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असं असेल तर ते जगात जवळपास कुठेही चालेल, फक्त प्लग बदलेल. नुसतं १२० लिहिलेलं मिक्सर, इस्त्री, हेअर ड्रायर २३० व्होल्टच्या देशात न्यायचं कारण नाही. पॉवर बँक हातसामानातच ठेवायची, आणि १०० वॉट-तासांपर्यंतच विनापरवानगी चालते.

आणि आता ज्याला यादीत रकाना नसतो ते. तुमच्यासाठी हे परतणं आहे. तिथेच जन्मलेल्या किंवा वाढलेल्या मुलांसाठी ते स्थलांतर आहे, आणि त्यांच्याशी बोलताना तसंच बोललं पाहिजे. समाजशास्त्रज्ञ रूथ हिल युसीम यांनी १९५० च्या दशकात अशा मुलांसाठी ‘तिसऱ्या संस्कृतीची मुलं’ हे नाव वापरलं. आईबापांच्या देशाचीही पुरती नाहीत आणि वाढली त्या देशाचीही नाहीत, अशी. मायदेशाची भाषा बोलता येते पण लिहिता येत नाही, ही त्यांची अडचण वर्गात पहिल्या दिवशी उघडी पडते. रोज अर्धा तास लिहिण्या-वाचण्याची सवय वर्षभर आधी लावा. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या मधोमध मुलाला उचलू नका. त्यापायी सहा-आठ महिने थांबावं लागलं तर थांबा. जोडीदाराचंही तसंच. कुणाची नोकरी टिकते आणि कुणाची सुटते, हे आकड्यांसकट आधी बोलून घ्या. दोघांनी आपापली कारणं वेगवेगळ्या कागदांवर लिहून मग एकत्र वाचली तर न बोललेलं बरंच समोर येतं. आईवडिलांसाठी परतत असाल तर एकत्र राहायचं की जवळ, हे त्यांनाही विचारा. त्यांचीही इतक्या वर्षांत स्वतःची घडी बसलेली असते.

जॉन आणि जीन गुलाहॉर्न या संशोधकांनी १९६३ मध्ये दाखवून दिलं की परतणाऱ्यालाही परदेशी जाताना लागतो तसाच दुसरा धक्का बसतो. तो जास्त जिव्हारी लागतो असं मला वाटतं, कारण आपल्या घरी परकं वाटेल याची कुणी तयारीच केलेली नसते. म्हणून शक्य असेल तर कायमचं निघण्याआधी महिनाभर मायदेशी राहून या, पण पाहुणे म्हणून नव्हे. भाड्याने घर घ्या, रोजच्या वेळेला काम करा, बँकेत रांगेत उभे राहा, मुलांना घेऊन शाळा पाहा. पोचल्यावर पहिल्या वर्षात घर विकत घेऊ नका. कुठे राहायचं हे तेव्हा सुट्टीतल्या आठवणींवर ठरतं, रोजच्या येण्याजाण्यावर नाही.

निघण्याच्या आठवड्यात भाड्याचं घर सोडताना मीटरचे आकडे आणि रिकाम्या खोल्यांचे फोटो तारखेसह काढा, टपाल नव्या पत्त्यावर वळवा, खात्यातून आपोआप जाणारे हप्ते एकेक करून थांबवा. गाडीच्या विमा कंपनीकडून दावा न केल्याचं पत्र मागा, नव्या देशातली कंपनी ते मानेलच असं नाही, पण मानलं तर हप्ता कमी होतो. मग एका पानावर फक्त तारखा लिहा: शेवटचं करविवरण, पेन्शनच्या अर्जाची मुदत, सामानाच्या सवलतीची मुदत, स्थायी निवासाची मुदत, फोनच्या प्लॅनचं नूतनीकरण. हे पान दोघांच्याही फोनमध्ये असू द्या आणि प्रत्येक तारखेच्या दोन महिने आधीची आठवण लावा.