मुलीला शाळेत काय घालावं: गणवेश शिवणाऱ्या बाईचं सांगणं

गेली २१ वर्षं मी शाळेचे गणवेश शिवते. शाळा सुरू व्हायच्या आधीचा महिना-दीड महिना मशीनवरून उठायला सवड नसते. आई-वडील मुलीला घेऊन येतात, हातात शाळेचा नियमांचा कागद असतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "उंची किती ठेवायची?" मी टेप गळ्यातच राहू देते आणि आधी मुलीला विचारते, "शाळेत दिवसभर काय काय करतेस गं?" फळ्यावर लिहिते, मधल्या सुट्टीत पळते, खाली बसून चित्रं काढते, जिने चढते. माझं निम्मं माप या उत्तरातच मिळतं.

मागे एक नऊ वर्षांची मुलगी ट्रायलला आली होती. फ्रॉक नियमाप्रमाणे बरोबर गुडघ्यापर्यंत, आई खूश. मी तिला म्हटलं, "बाईंनी प्रश्न विचारलाय, उत्तर येतंय, कर बघू हात वर." तिनं उजवा हात वर केला आणि त्याच क्षणी डाव्या हातानं फ्रॉकची कड खाली ओढून धरली. आपण असं केलं हे तिला कळलंसुद्धा नाही. मला त्या डाव्या हाताचं फार वाईट वाटलं. प्रत्येक उत्तराला जिचा एक हात फ्रॉकवर अडकलेला आहे, ती हळूहळू हात वर करायचंच सोडते. चूक उंचीत नव्हती, मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात त्या खाचेत होती. मुंढा खोल कापला गेला होता, म्हणून हात उचलला की अख्खा फ्रॉक दोन इंच वर जात होता. ऐसपैस मुंढा म्हणजे आरामशीर कपडा असं पालकांना वाटतं, पण मुंढा काखेच्या जवळ असेल तरच हात मोकळा फिरतो आणि कपडा जागेवर राहतो.

म्हणून ट्रायल घेताना मुलीला आरशासमोर नुसतं उभं करू नका. दोन्ही हात सरळ वर करायला लावा. वाकून बुटाचा बंद बांधू दे. मांडी घालून खाली बसू दे आणि हात न टेकता उठू दे. दोन पायऱ्या एकदम चढू दे. मग पाठीवर भरलेलं दप्तर द्या आणि खोलीभर पळवा. दप्तर विसरू नका, कारण त्याच्या घासण्यानं कपडा मागून वर चढतो आणि रिकाम्या पाठीवर ते कळत नाही. हे सगळं चालू असताना कपड्यापेक्षा तिच्या हातांकडे लक्ष ठेवा. हात जिथे सावरायला जातो तिथे दुरुस्ती हवी. कपडा तयार विकत घेतला असला तरी हीच परीक्षा घ्या. दुकानात लाज वाटली तर घरी घ्या, पण लेबल काढण्याआधी.

माप घेतानाची एक गोष्ट मी कधी चुकवत नाही. "आता कमरेला टेप लावते हं," असं सांगूनच टेप लावते, आणि छातीचं माप घेताना टेपचं टोक मुलीच्याच हातात देते. तुम्ही कुठेही माप द्यायला गेलात तर मुलीजवळ थांबा आणि शिंप्यालाही हे सांगा. आपल्या अंगाला कोण कधी हात लावणार हे आधी विचारलं जातं, हे तिला इथूनच कळू दे.

नियमाचा कागद कसा वाचावा

कागद हातात आला की पेन्सिल घेऊन बसा आणि प्रत्येक नियमापुढे त्याचं कारण लिहा. काही नियम सुरक्षेचे असतात. प्रयोगशाळेत केस बांधलेले हवेत, खेळाच्या तासाला लोंबते कानातले नकोत, गळ्याशी लोंबता बंद नको, सुटी ओढणी नको. हे नियम मनापासून पाळा. गळ्याजवळची दोरी घसरगुंडीत किंवा वाहनाच्या दारात अडकून मुलं जखमी झाली आहेत, जीवही गेले आहेत. म्हणूनच युरोपच्या मानकात सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्याला गळ्याशी बंद चालत नाहीत. काही नियम सगळे सारखे दिसावेत म्हणून असतात: रंग, बिल्ला, मोजे. तेही पाळावेत, त्यात कुणाचं नुकसान नाही.

राहतात ते तिसरे, ज्यांचं कारण लिहायला गेलं की पेन्सिल थांबते. "मुलींनी स्कर्टच घालावा." "बाही कोपरापर्यंतच हवी," आणि तेही फक्त मुलींच्या रकान्यात. अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयानं २०२२ मध्ये तिथल्या सरकारी शाळांचे पोशाखाचे नियम तपासले. सुमारे ९० टक्के नियमावल्यांत मुली सहसा घालतात त्या कपड्यांवर बंदी होती, मुलांच्या कपड्यांवर ६९ टक्क्यांत. सुमारे ६० टक्के नियमावल्यांत कपडा किंवा अंग मोजावं लागेल असे नियम होते. म्हणजे कुणीतरी मोठं माणूस मुलीच्या गुडघ्याशी पट्टी घेऊन वाकणार. २१ वर्षं टेप हातात धरणारी बाई म्हणून सांगते, शाळेत हे होऊ नये. मुलीला सगळ्यांसमोर उभं करून मोजलं, तर त्यानंतर ती शिकवण्याकडे लक्ष देऊ शकत नाही.

उंचीच्या नियमाबद्दल शिक्षकांनीही एक गोष्ट समजून घ्यावी. लहान वयात मुली वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढतात. वयात येताना, बहुतेक जणी १० ते १३च्या दरम्यान, हा वेग वर्षाला ८ सेंटिमीटरपर्यंत जातो. त्यातही आधी हात-पाय लांबतात, धड मागून येतं. वर्षाच्या सुरुवातीला गुडघ्याखाली असलेला स्कर्ट वर्ष संपताना गुडघ्याच्या वर गेलेला असतो. मुलीनं काहीच केलेलं नसतं. त्याबद्दल तिला बोलणी खावी लागतात, तेव्हा माझा जीव तुटतो, कारण त्याचा उपाय खाली मुडपलेल्या तीन इंच कापडात असतो.

काय शिवून घ्यावं

तर तो उपाय. स्कर्ट, फ्रॉक आणि पँट यांच्या खालच्या मुडपीत तीन इंच कापड ठेवायला सांगा आणि ती मुडप हातशिलाईनं घाला. मशीनची टीप उसवली की तिथे रेघ राहते, हातशिलाईची राहत नाही. बाजूच्या शिलाईत दोन्हीकडे एकेक इंच माया, म्हणजे आत जादा कापड ठेवा. छातीच्या मापाला वाढती मुलगी असेल तर तीन-चार इंच सैल धरा, पण खांदा मात्र आजच्याच मापाचा. पुढच्या वर्षी चालेल म्हणून मोठ्या खांद्याचा कपडा घेतला, तर गळा एका बाजूला घसरतो आणि मुलगी वर्षभर तो सावरत बसते. सुती कापड कापायच्या आधी पाण्यातून काढलंच पाहिजे. चार टक्के आटलं तरी २४ इंचांच्या स्कर्टचा जवळजवळ एक इंच जातो, आणि तोच नेमका नियमातला इंच असतो.

स्कर्ट अनिवार्य असेल तर डिव्हायडर चालेल का, हे शाळेला विचारा. बाहेरून घेर स्कर्टचा दिसतो, आत दोन पाय वेगळे असतात, त्यामुळे झोका, घसरगुंडी, पळणं कशालाच अडचण नाही. तेही चालत नसेल तर स्कर्टच्या आत होजिअरीची सुती चड्डी द्या, स्कर्टपेक्षा तीन इंच आखूड. पूर्ण इलॅस्टिकच्या कमरेपेक्षा पुढे पट्टी आणि फक्त मागे इलॅस्टिक चांगलं. घातल्यावर आत दोन बोटं सहज गेली पाहिजेत. संध्याकाळी कमरेवर वळ दिसला तर इलॅस्टिक बदला, "सवय होईल" म्हणू नका.

खिसा. मुलांच्या पँटला न सांगता दोन खिसे लागतात, मुलींच्या फ्रॉकला मागावा लागतो. तो मागा. रुमाल मावेल, घडी घातलेलं पॅड मावेल असा पाच-साडेपाच इंच खोल, बाजूच्या शिलाईत. वरची कड कमरपट्टीच्या शिलाईत धरायला सांगा, म्हणजे खिसा आत लोंबत नाही आणि बाहेरून फुगत नाही.

कापड निवडताना ते उजेडासमोर धरा आणि मागे हात घाला. बोटं मोजता आली तर त्याला अस्तर हवं किंवा आत स्लिप. पांढऱ्या शर्टाच्या आत पांढरंच घालावं असा समज आहे, पण पांढऱ्यातून पांढरं उठून दिसतं. अंगाच्या रंगाशी मिळतं असलेलं दिसत नाही. आतल्या कपड्यांचा रंग ठरवणाऱ्या शाळाही होत्या. टोकियो महानगर शासनानं आपल्या उच्च माध्यमिक शाळांतला असला नियम एप्रिल २०२२ पासून काढून टाकला, आणि योग्य केलं. रोजच्या वापराला टेरिकॉट, म्हणजे पॉलिएस्टर मिसळलेलं सुती कापड, टिकतं, चुरगळत नाही. मुलीला घामोळं किंवा पुरळ येत असेल तर शर्ट सुती घ्या आणि फक्त स्कर्ट टेरिकॉटचा. प्रयोगशाळेच्या दिवशी मात्र पूर्ण सुती एप्रन वरून हवाच, कारण पॉलिएस्टर आचेनं वितळतं आणि कातडीला चिकटतं.

वयात येताना

माझी धाकटी सहावीत होती. शाळेचा खालचा कपडा पांढरा. एके दिवशी भर उकाड्यात ती कमरेला स्वेटर बांधून घरी आली, दप्तर पाठीऐवजी मागे खाली धरलेलं, डोळे सुजलेले. दुपारी दोनपासून ती बाकावरून उठली नव्हती. मी शेकडो मुलींचे गणवेश शिवले, पण माझ्या मुलीच्या दप्तरात एक जादा कपडा ठेवायचं मला सुचलं नव्हतं. तेव्हापासून येणाऱ्या प्रत्येक आईला आणि बापालाही सांगते: मुलगी नऊची झाली की दप्तराच्या आतल्या कप्प्यात एक पिशवी ठेवा. त्यात दोन पॅड, एक निकर, एक गडद रंगाचा खालचा कपडा आणि ओला कपडा ठेवायला बंद होणारी थैली. पाळी बहुतेकींना बारा-तेराच्या सुमाराला येते, पण नऊ-दहाव्या वर्षीही येते. आणि पिशवी नुसती ठेवू नका, तिच्याकडून एकदा उघडून घ्या, पॅड कसं लावायचं ते दाखवा.

छाती वाढायला लागली की मुलीला आधी दुखतं, शर्टाची शिलाई घासते. तेव्हा आत मऊ सुती स्लिप किंवा बिगिनर ब्रा द्या आणि शर्टाच्या तिसऱ्या बटणाजवळची पट्टी तपासा. तिथे फट पडत असेल तर दोन काजांच्या मध्ये आतून एक टिचबटण लावलं की काम होतं. या दिवसांत तिला काय बोलता यालाही जपा. "लोक बघतात" म्हटलं की मुलीला आपलं अंगच चुकलंय असं वाटायला लागतं. "हा शर्ट आता लहान झाला, नवीन घेऊ," एवढं पुरतं, आणि ते खरंही असतं.

शाळेशी बोलायचं तर

एकट्यानं जाऊ नका, तीन-चार पालक मिळून जा, आणि ज्या कपड्याबद्दल बोलायचं तो बरोबर न्या. मुख्याध्यापकांसमोर टेबलावर पांढरी सलवार ठेवून "ही गडद निळी करता येईल का?" असं विचारलं की पाच मिनिटांत मुद्दा पोचतो. मागणी एकच ठेवा आणि पर्याय मागा: त्याच रंगाच्या, त्याच कापडाच्या स्कर्ट किंवा पँटमधून मुलीला निवडू द्यावं. अर्जात असं लिहा, "आमच्या मुलींना खेळाच्या तासाला व जमिनीवर बसताना स्कर्टमुळे अडचण होते. गणवेशाच्याच कापडाची पँट वापरण्याची परवानगी द्यावी."

कुणी म्हणालं की परंपरा आहे, तर सांगा की हा प्रश्न मोठ्या न्यायालयातही गेला आहे. अमेरिकेत उत्तर कॅरोलिनातल्या एका शाळेनं मुलींना पँट बंद केली होती. स्कर्टमुळे खेळताना आणि बसताना अवघडायला होतं, असं मुलींनी सांगितलं. २०२२ मध्ये तिथल्या अपील न्यायालयानं तो नियम समानतेच्या हक्काविरुद्ध ठरवला आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यात हात घालायला नकार दिला. केरळात एर्नाकुलम जिल्ह्यातल्या एका सरकारी प्राथमिक शाळेनं तर कोर्टकचेरीशिवायच मुलं-मुली दोघांनाही शर्ट आणि गुडघ्याखालची पँट दिली.

खर्चाबद्दलही बोला, संकोच करू नका. इंग्लंडमध्ये २०२१ साली गणवेशाच्या खर्चावर कायदा झाला, आणि शाळेचं चिन्ह असलेल्या वस्तू कमीत कमी ठेवा असं शाळांना सांगितलं गेलं. आपण निदान एवढं मागू शकतो की बिल्ला सुटा मिळावा. सुटा बिल्ला हातानं चार बाजूंनी टाचला की शर्ट लहान झाल्यावर उसवून नव्या शर्टावर लावता येतो.

गणवेश नसलेल्या शाळेत काम सोपं आहे. आदल्या रात्री हलता-बसता येतील असे दोन जोड काढून ठेवा आणि त्यातला एक सकाळी तिला निवडू दे. बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो, आणि पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा ठेवा.

आणि कपडा घरी आला की मुडपीची शिलाई दर तीन महिन्यांनी बघा. मुलीला अनवाणी उभं करा, कड कुठे आली ते पाहा, लागेल तेवढंच उसवा, ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवून जुनी घडी मोडा आणि परत हातशिलाई घाला. अर्ध्या तासाचं काम आहे. सुई मुलीच्या हातात दिलीत तर पुढच्या वेळी ती स्वतःच करेल.