अर्ध्या वॉटचा ट्रान्समीटर: 7 मेगाहर्ट्झसाठी

आधी परवाना. हॅमची, म्हणजे हौशी रेडिओची परीक्षा द्या, कॉलसाइन (रेडिओवरची आपली ओळख) मिळवा, मगच अँटेनाची तार छतावर न्या. तोवर खाली सांगितलेला डमी लोड (अँटेनाच्या जागी लावायचे रेझिस्टर) लावून सगळं काम टेबलावर शिकता येतं. मीही तसंच शिकलो.

मी माझं सामान पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून आणतो. एक बीसी547 आणि एक धातूच्या टोपीचा 2एन2222 हे ट्रान्झिस्टर, आणि 7.030 मेगाहर्ट्झचा क्रिस्टल. क्रिस्टल बहुधा ऑनलाइनच मागवावा लागतो. बोर्ड छापायची गरज नाही. तांब्याचा कोरा बोर्ड घ्या, त्याच बोर्डाचे नखाएवढे तुकडे कापून वर चिकटवा आणि त्यांवर सोल्डर करा. खालचं तांबं हीच ग्राउंड.

पहिला भाग ऑसिलेटर, म्हणजे 7.030चा सिग्नल तयार करणारा. बीसी547चा कलेक्टर सरळ 12 व्होल्टला, बेसवर 12 व्होल्टकडून 47के (47 किलोओहमचा रेझिस्टर), बेस ते ग्राउंड क्रिस्टल. बेस ते एमिटर 100 पिकोफॅरड, एमिटर ते ग्राउंड 220 पिकोफॅरड आणि त्याला समांतर 1.5के. कपॅसिटरवर 101 आणि 221 छापलेलं असतं, ते 101 किंवा 221 पिकोफॅरड नव्हे; शेवटचा आकडा म्हणजे पुढे किती शून्यं.

दुसरा भाग सिग्नल मोठा करणारा. ऑसिलेटरच्या एमिटरवरून 82 पिकोफॅरडने 2एन2222च्या बेसला जा. त्याच्या बेस-कलेक्टरमध्ये 33के, कलेक्टर ते 12 व्होल्ट 22 मायक्रोहेन्रीचा चोक (तयार कॉइल), एमिटर मोर्सच्या कीमधून ग्राउंडला. 12 व्होल्टच्या तारेवर 104चा कपॅसिटर ग्राउंडला द्या. इथे माझ्याकडून एकदा शॉर्ट झाला आहे: 2एन2222ची धातूची टोपी आतून कलेक्टरला जोडलेली असते आणि माझी टोपी वाकून बोर्डाच्या तांब्याला टेकली होती. पाय थोडे उंच ठेवा.

आता फिल्टर, म्हणजे 7.030च्या दुपटी-तिपटीवरचे नको असलेले सिग्नल अडवणारा भाग. माझ्या मते ट्रान्समीटर खरा इथे तयार होतो. नवशिके हाच भाग गाळतात, कारण त्याच्याशिवायही पॉवर बाहेर येते. पहिल्या वेळी मीही गाळला आणि रिसीव्हर 14.060वर नेला, तर माझाच सिग्नल तिथेही खणखणीत. 21.090वरही. दुसऱ्याच्या बँडमध्ये आपण नकळत घुसतो, हे मला फार लागलं.

लाल रंगाचे दोन टी50-2 टोरॉइड (कॉइल गुंडाळायच्या कड्या) घ्या, प्रत्येकावर इनॅमल वायरचे 15 वेढे. भोकातून तार एकदा गेली की एक वेढा. बाहेरून मोजलंत की हमखास चुकतं. वायरचं इनॅमल टोकांवर ब्लेडने नीट खरवडा, नाहीतर सोल्डर वर बसल्यासारखं दिसतं आणि आत काहीच जुळलेलं नसतं. कलेक्टरकडून 10 नॅनोफॅरडने फिल्टरमध्ये या. तिथे 470 पिकोफॅरड ग्राउंडला, मग पहिली कॉइल, मग 470चे दोन समांतर ग्राउंडला, दुसरी कॉइल, शेवटी पुन्हा 470. हे कपॅसिटर एनपीओ (तापमानाने मूल्य न बदलणाऱ्या) जातीचेच मागा. साधे डिस्क इथे वापरू नका.

डमी लोड म्हणजे अर्ध्या वॉटचे दोन 100 ओहमचे रेझिस्टर समांतर. त्यावर 1एन4148 डायोड लावा, डायोडच्या पट्टीकडच्या टोकाला 103चा कपॅसिटर ग्राउंडला, आणि तिथलं डीसी व्होल्टेज मल्टिमीटरवर वाचा. की दाबल्यावर माझ्याकडे 6.3 आले. डायोडचे 0.7 मिळवले की 7. त्याचा वर्ग भागिले 100, म्हणजे 0.49 वॉट. शून्यच आलं तर आधी ऑसिलेटर तपासा: जवळच्या रिसीव्हरवर 7.030ला शिटी ऐकू यायला हवी. शिटी असेल तर दोष पुढच्या भागात आहे.

मी मोबाईलचा चार्जर किंवा स्वस्त अडॅप्टर लावत नाही, 12 व्होल्टची सीलबंद बॅटरी आणि अर्ध्या अँपिअरचा फ्यूज लावतो. खरखर गेली.

अँटेना डायपोल, म्हणजे मधोमध जोडलेल्या दोन सारख्या तारा: 143 भागिले 7.030, म्हणजे सुमारे 20.3 मीटर, प्रत्येक बाजूला 10.17. तार फूटभर जास्तच ठेवा आणि एसडब्ल्यूआर (अँटेना किती जुळली ते सांगणारं माप; 1च्या जितकं जवळ तितकं बरं) बघत दोन्ही बाजू सारख्या कापत जा. जोडता येत नाही, कापता येतं. अर्ध्या वॉटवर पहिल्या संध्याकाळी मला बेळगावहून उत्तर आलं, 449, म्हणजे वाचता येणं 4, जोर 4, सूर 9. लॉगबुकात ते पान मी लाल शाईने लिहिलंय.