पाखेलबेल ऐकताना लेहरा धरा

तबलावादकांसाठी मी बरीच वर्षं लेहरा, म्हणजे तालाचं आवर्तन सांभाळणारी छोटी सुरावट, धरत आले आहे. तेच तेच सूर पुन्हा पुन्हा वाजवणाऱ्याकडे कुणाचं लक्ष नसतं, पण तो हलला तर सगळंच कोसळतं. सतराव्या शतकातला जर्मन संगीतकार योहान पाखेलबेल याचं संगीत मला कळलं ते याच वाटेनं.

सुरुवात त्याच्या प्रसिद्ध कॅननपासून करा. व्हायोलिन सोडून द्या आणि तळाशी चाललेला चेलो, म्हणजे खर्जातलं तंतुवाद्य, ऐका. हार्मोनियमच्या पांढरी दोनचा सा धरून म्हणा: सा, प, ध, ग, म, सा, म, प. सगळे शुद्ध. पहिला सा वरचा, बाकीचे सात त्याच्या खालच्या सप्तकातले. हे आवर्तन २८ वेळा येतं आणि एकदाही बदलत नाही. बोटांवर मोजा. माझी मोजणी पहिले काही दिवस पंधरा-सोळापाशीच सुटायची.

ती जमली की वर या. व्हायोलिन तीन आहेत, सुरावट एकच; कॅनन म्हणतात ते यालाच. पहिलं जे वाजवतं तेच दुसरं एका आवर्तनानंतर वाजवतं आणि तिसरं आणखी एका आवर्तनानंतर. तुम्ही तिसरं धरा. त्याची प्रत्येक जागा आधी दोनदा कानावरून गेलेली असते, त्यामुळे ते सापडतं.

मग ऑर्गनकडे वळा, कारण हा माणूस मुळात ऑर्गनवादक. न्यूरेंबर्गमध्ये १६५३ साली जन्मलेला पाखेलबेल १६७८ पासून बारा वर्षं एर्फुर्टच्या प्रेडिगर चर्चमध्ये होता. त्याच्या करारात अट होती: दरवर्षी सेंट जॉनच्या दिवशी अर्धा तास वादन करायचं आणि वर्षभरात आपण किती पुढे गेलो ते दाखवायचं. नोकरी पक्की झालेल्या कलाकाराला दरसाल असं उभं करणं मला फार मोलाचं वाटतं. याच गावात १६८३ च्या प्लेगमध्ये त्याची बायको आणि तान्हा मुलगा गेले.

आता त्याची ऑर्गनवरची एफ मायनरमधली शाकोन लावा; शाकोन म्हणजे तळाशी तेच सूर फिरत असताना वर बदलत जाणारी रचना. हेडफोन हवेतच, मोबाइलच्या स्पीकरवर ऑर्गनच्या पायपट्ट्यांवर पायांनी वाजवलेले खर्जाचे सूर विरून जातात. इथला लेहरा चारच सुरांचा, उतरता: सा, कोमल नी, कोमल ध, प. हात वर कितीही दाट विणू देत, तुम्ही हे चार गुणगुणत राहा. मध्येच हरवलात तर मागे जाऊ नका, पुढच्या सा वर पकडा.