जुने घर घेताना: आधी वारस, मग भिंती

जळगाव पसरत गेले तशी पिंप्राळा, मेहरूण ही गावे शहरात आली आणि तिथल्या जुन्या घरांची चौकशी होऊ लागली. धुळ्याच्या देवपुरातही जुना बंगला शोधणारे भेटतात. दलाल रस्ता, शाळा आणि उद्याचा भाव दाखवतो. खरेदीदाराने मात्र आधी मालकी कोणाकडून कोणाकडे आली ते पाहावे, कारण भिंत पैसे टाकून दुरुस्त होते, मालकीतील खोट दरवेळी दुरुस्त होत नाही.

पहिले काम नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रकाचा (जागा कोणाच्या नावावर आहे त्या सरकारी नोंदीचा) ताजा उतारा काढण्याचे आहे. गावठाणातील घराचे पत्रक पुष्कळदा आजोबांच्याच नावावर राहिलेले असते आणि विकायला थोरला नातू पुढे येतो. हिंदू कुटुंबात वडील मृत्युपत्र न करता वारले असतील, तर मुलींचा वारसा 1956 च्या कायद्यापासूनच आहे, आणि वडिलोपार्जित मालमत्तेत 2005 च्या दुरुस्तीने त्यांना मुलाइतकाच हक्क मिळाला आहे. म्हणून ‘बहिणींनी कधी काही मागितले नाही’ या आश्वासनावर इसार देऊ नये. सुरतेला दिलेल्या बहिणीचीही खरेदीखतावर सही हवी, नाही तर तिचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवे. वकिलाकडून त्या मालमत्तेच्या 30 वर्षांच्या नोंदलेल्या व्यवहारांचा शोध अहवाल घ्यावा आणि स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस द्यावी. घरपट्टीची पावती हा मालकीचा पुरावा नव्हे, हे विक्रेत्याला पटले नाही तरी आपण विसरू नये. पुढच्या खोलीत जुना भाडेकरू असेल, तर त्याला 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण असू शकते आणि घर विकले गेल्याने ते संपत नाही.

त्यानंतर महापालिकेच्या नगररचना विभागातून भाग नकाशा, म्हणजे शहराच्या विकास आराखड्याचा त्या जागेपुरता नकाशा, घ्यावा. ज्या रस्त्यामुळे भाव वाढला, त्याच रस्त्याच्या रुंदीकरणात ओटा आणि पुढची खोली जाणार असेल, तर उरलेल्या जागेचाच हिशेब धरावा. पाडून बांधायचे असल्यास समोरच्या रस्त्याची रुंदी किती, यावर बरेचसे बांधकाम अवलंबून असते.

घर शक्यतो पावसाळ्यात पाहावे. धाब्याचे, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचे सपाट छत असलेले, घर मे महिन्यात इतके गार लागते की खरेदीदार तिथेच भुलतो. छत गळते की नाही, हे श्रावणातच कळते. तुळईचे जे टोक भिंतीत शिरते, तिथे माती ओल धरते आणि लाकूड कुजायला लागते ते बहुधा तिथूनच. त्या टोकाला पेचकस टोचून पाहावा: सागवान शाबूत असेल तर पेचकस अडतो, आतून वाळवीने पोखरले असेल तर सहज घुसतो. भिंतीला खालून कमरेपर्यंत लोणा (ओलीमुळे वर येणारा क्षार) लागला आहे का ते पाहावे. तेवढ्याच उंचीवर नवा रंग किंवा फरशी दिसली तर संशय घ्यावा. विटांच्या घरात खिडकीच्या कोपऱ्यातून पायऱ्यांसारखी तिरपी चढत गेलेली भेग दिसल्यास पाया हलत असल्याची शक्यता असते, कारण आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. भेगेच्या टोकांवर पेन्सिलीने तारीख लिहून काही महिन्यांनी पुन्हा पाहणे जमले तर उत्तम. नाही तर स्थापत्य अभियंत्याला फी देऊन दाखवावे.

गल्लीतील घरांची एक भिंत बहुधा सामाईक असते आणि शेजाऱ्याच्या तुळया तिच्यावर टेकलेल्या असतात. ती पाडता येणार नसेल तर नव्या बांधकामाचा आराखडाच बदलतो, तेव्हा शेजाऱ्याशी बोलणे भाव ठरण्याआधी करावे.

मंजूर नकाशा नसलेल्या घराला कर्ज द्यायला बँका नाखूश असतात, त्यामुळे कर्ज नामंजूर झाल्यास इसार परत मिळेल, अशी अट लेखी घालावी. किंमत 50 लाख किंवा त्याहून अधिक असल्यास 1 टक्का आयकर कापून भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची असते. खरेदीखत नोंदवल्यावर मालमत्ता पत्रकावरील फेरफार आणि महापालिकेच्या घरपट्टीवरील नाव यांसाठी वेगवेगळे अर्ज करावेत, आणि महावितरणच्या मीटरची जुनी थकबाकी विक्रेत्याने भरल्याची पावती शेवटचा धनादेश देण्यापूर्वी हातात घ्यावी.